स्तनांचा भार उतरवण्याआधी

फार मोठ्या स्तनांचा त्रास होणारी बाई सहसा थेट प्लास्टिक सर्जनकडे जात नाही. मान दुखते म्हणून ती आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जाते. एक्स-रे निघतो, मणक्यांत थोडी झीज दिसते किंवा काहीच दिसत नाही, आणि ती गोळ्या, शेक व मानेचे व्यायाम घेऊन घरी येते. उन्हाळ्यात स्तनांखालची कातडी लाल होऊन चिघळली की त्वचेच्या डॉक्टरांकडे जाते. मलमाने बरे वाटते, घाम आला की पुन्हा तेच. बोटांना मुंग्या येतात म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू होतात. या सगळ्या तक्रारींचे मूळ एकच असू शकते हे तिला बरेचदा कुणी सांगत नाही. तिलाही ते बोलून दाखवायचा संकोच वाटतो, कारण हे दुखणे शरीराच्या ज्या भागाशी जोडलेले आहे त्याविषयी आपल्याकडे एक तर कुजबुज होते, नाही तर चेष्टा.

हा त्रास कल्पनेतला नाही. छातीच्या पुढच्या बाजूला दोन्ही मिळून दोन-तीन किलोंचे वजन दिवसभर लटकत असेल, तर ते खांद्यांना सतत पुढे ओढते आणि मान व पाठीचे स्नायू त्याला विरोध करत ताठून राहतात. संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात, पाठ धरते, कित्येकींचे डोके दुखते. ब्राच्या पट्ट्या खांद्यांत रुतून कायमचे खळगे पडतात. हाताकडे जाणाऱ्या नसांवर ताण आला की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते. स्तनांखाली कातडीला कातडी घासते, घाम साचतो, बुरशी वाढते. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत तर हे पुरळ वर्षभर पाठ सोडत नाही. धावणे, पोहणे, दोरीवरच्या उड्या अवघड होतात, म्हणून व्यायाम सुटतो आणि वजन वाढते. शाळकरी मुलगी असेल तर ती वही-पुस्तके छातीशी धरून, पोक काढून चालायला लागते आणि घरचे तिला ‘ताठ चाल’ म्हणून रागावतात.

स्तन मुख्यतः दुधाच्या ग्रंथी, चरबी आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या तंतूंचा बनलेला असतो. त्यात स्नायू नसतो, त्यामुळे छातीचे व्यायाम करून तो लहान होत नाही. मालिशने किंवा जाहिरातीतल्या मलमानेही होत नाही. आकार किती वाढेल हे आनुवंशिकतेवर आणि ग्रंथी स्त्री-संप्रेरकांना किती प्रतिसाद देतात यावर ठरते. काहींची वाढ वयात येताना काही महिन्यांतच बेसुमार होते, काहींची बाळंतपणानंतर, काहींची पाळी जाण्याच्या सुमारास वजन वाढते तेव्हा. वजन घटवले तर स्तनांतली चरबी थोडी उतरते, पण ग्रंथींचा भाग जास्त असेल तर फरक नगण्य असतो.

स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेविषयी विचारले तर ‘आधी वजन कमी करा, मग बघू’ हे उत्तर बहुतेकींना मिळते. त्यात तथ्य आहे, कारण फार स्थूल शरीरावर जखमा उशिरा भरतात आणि भुलेचा धोकाही वाढतो. पण तेवढ्यावर बाईची बोळवण करणे अन्यायाचे आहे. अमेरिकेतल्या सर्जनांनी केलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ब्राव्हो’ या अभ्यासात वजन घटवणे, फिजिओथेरपी, खास ब्रा, औषधे या सगळ्यांची शस्त्रक्रियेशी तुलना केली गेली. त्यांतल्या कशानेही टिकाऊ आराम मिळाला नाही, शस्त्रक्रियेने मात्र मिळाला. आणखी एक गोष्ट त्या अभ्यासाने दाखवली आणि ती मला फार मोलाची वाटते: बाईला किती फायदा होईल हे तिचे वजन, तिच्या ब्राचा कप किंवा काढलेल्या मांसाचे ग्रॅम यांवरून ठरत नव्हते. तिला होणारा त्रास हाच खरा निकष होता.

टेनिसपटू सिमोना हालेप हिने शस्त्रक्रियेचा निर्णय वयाच्या सतराव्या वर्षी, २००९ मध्ये घेतला. रुमानियाची ही मुलगी तेव्हा ज्युनिअर गटातली विजेती होती, पण छातीच्या वजनामुळे चेंडूपर्यंत वेळेत पोहोचणे तिला जड जात होते आणि पाठ दुखत होती. पुढे २०१७ मध्ये ती जगात पहिल्या क्रमांकावर गेली, २०१८ मध्ये फ्रेंच ओपन आणि २०१९ मध्ये विम्बल्डन जिंकली. यश तिच्या खेळाचे होते, शस्त्रक्रियेचे नव्हे. पण आपण खेळाडू नसतो तरी हेच केले असते, असे तिने जाहीरपणे सांगितले. आपल्याकडच्या आयांनी आणि मुलींनी लक्षात घ्यावी ती ही गोष्ट.

शस्त्रक्रियेत वजन उतरते, पण त्याच्या बदल्यात छातीवर कायमचे व्रण राहतात. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, पुढे अंगावर पाजताना अडचण येऊ शकते. हा व्यवहार नीट समजून घेऊन तो मान्य असेल तरच पुढे जावे. बहुतेक बायकांना तो मान्य होतो. प्लास्टिक सर्जरीत रुग्ण सर्वांत समाधानी असतात अशा शस्त्रक्रियांत हिची गणना होते.

डॉक्टर निवडताना पाटीवरचे ‘कॉस्मेटिक सर्जन’ हे शब्द पुरेसे नाहीत. एमएस होऊन पुढे प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी केलेले आहे का, वैद्यक परिषदेकडे तशी नोंदणी आहे का, हे विचारण्यात काहीही गैर नाही. मुंबईची केईएम, सायन, नायर, जेजे किंवा पुण्याचे ससून अशा मोठ्या सरकारी व पालिका रुग्णालयांतही प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. खासगी रुग्णालयाचा खर्च झेपत नाही म्हणून विषयच सोडून देण्याआधी तिथे चौकशी करावी. पहिल्या भेटीत तपासणी होते, मापे घेतली जातात, फोटो काढले जातात. त्या वेळी खोलीत स्त्री कर्मचारी हजर असावी असा आग्रह धरावा. मला अमुक कप पाहिजे, असे सांगून उपयोग नसतो, कारण कपाचे माप प्रत्येक कंपनीचे वेगळे असते आणि कुठलाही प्रामाणिक सर्जन त्याचे वचन देत नाही. त्यापेक्षा काय खुपते ते सांगावे.

काही गोष्टी डॉक्टरांपासून अजिबात लपवू नयेत. पहिली म्हणजे तंबाखू. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि या शस्त्रक्रियेत स्तनाग्र व कातडी जगते ती त्या वाहिन्यांच्याच भरवशावर. आपल्याकडे सिगारेट ओढणाऱ्या बायका कमी असल्या तरी मिश्री लावणाऱ्या पुष्कळ आहेत आणि त्या मिश्रीला तंबाखू म्हणून मोजतच नाहीत. डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का’ विचारले तर उत्तर ‘नाही’ असे येते. शस्त्रक्रियेच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतरही तितकेच दिवस मिश्री पूर्ण बंद हवी. दुसरी गोष्ट, अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, रक्त पातळ करणारी औषधे, लसणाच्या किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, काढे, चूर्णे, सगळे सांगावे. काही थांबवावे लागते, पण आपल्या मनाने काही थांबवू नये. तिसरी, अंगावरच्या जुन्या व्रणांचा इतिहास. कान टोचल्यावर गाठ आली असेल किंवा दंडावरचा बीसीजीचा वण जाडजूड वाढला असेल, तर छातीवरचे व्रणही तसेच फुगण्याचा संभव असतो. सावळ्या त्वचेत हे प्रमाण गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक असते.

चाळिशी उलटली असेल तर आधी मॅमोग्राफी होते. घरात आई, बहीण, मावशी यांपैकी कुणाला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर तेही सांगावे. मूल अंगावर पीत असेल तर दूध थांबल्यानंतर सुमारे सहा महिने वाट पाहतात, म्हणजे आकार स्थिरावतो. मुलीच्या बाबतीतही वाढ थांबून आकार स्थिर झालेला बरा, नाही तर शस्त्रक्रियेनंतर पुन्हा वाढ होऊ शकते. पण मुलगी त्रासाने बेजार असेल तर ‘लग्नानंतर बघू’ म्हणून टाळणे मला पटत नाही. दुखणारी पाठ तिची आहे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी भूल देण्याआधीच एक महत्त्वाचे काम उरकते. सर्जन बाईला उभे करून मार्करने छातीवर रेघा आखतात, कारण आडवे झाल्यावर स्तन बाजूला सरकतात आणि मापे चुकतात. स्तनाग्राची नवी जागा साधारणपणे स्तनाखालच्या घडीच्या पातळीवर ठरते. मग संपूर्ण भूल. पुढचे दोन ते चार तास तिला काहीच कळणार नसते.

आत काय होते याविषयी बहुतेकींचा एक गैरसमज असतो. स्तनाग्र कापून काढतात आणि वर नेऊन पुन्हा शिवतात, असे त्यांना वाटते. नेहमीच्या पद्धतीत तसे होत नाही. स्तनाग्र आपल्या रक्तवाहिन्या आणि नसांसह मांसाच्या एका जाड पट्ट्याला जोडलेलेच राहते. त्याच्या आजूबाजूची जादा ग्रंथी, चरबी आणि कातडी काढतात, तो पट्टा वर सरकवतात आणि उरलेली कातडी त्याच्याभोवती गुंडाळून शिवतात. पट्टा खालून ठेवायचा की वरून-आतल्या बाजूने, हे सर्जनच्या सवयीवर आणि स्तनाच्या मापावर ठरते. स्तन अतिप्रचंड असतील आणि इतक्या लांब पट्ट्यातून रक्त पोहोचण्याची खात्री नसेल, तेव्हाच स्तनाग्र सुटे करून त्वचारोपणासारखे बसवतात. शिकागोचे मॅक्स थोरेक यांनी १९२२ मध्ये मांडलेली ही पद्धत जीव वाचवते स्तनाग्राचा, पण त्यात संवेदना आणि अंगावर पाजणे दोन्ही जाते. आपल्यासाठी कोणती पद्धत योजली आहे, हा प्रश्न सही करण्यापूर्वी विचारलाच पाहिजे.

कातडी कशी कापायची, याचा सर्वाधिक वापरला गेलेला आराखडा रॉबर्ट वाइज या अमेरिकी सर्जनने १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. तो त्यांनी ब्राच्या कापडाच्या कापावरून बेतला होता. सपाट कापडाला टक्स घालून शिंपी ब्लाउजला गोलाई देतो, तेच इथे कातडीत घडते. त्यातून राहणारा व्रण स्तनाग्राभोवती गोल, तिथून खाली उभा आणि खालच्या घडीत आडवा, असा जहाजाच्या नांगरासारखा दिसतो. मध्यम आकाराच्या स्तनांत आडवा व्रण टाळून फक्त गोल आणि उभा ठेवता येतो. निव्वळ चरबी खेचून काढण्याची पद्धतही आहे, पण तिने लोंबलेला स्तन वर उचलला जात नाही. ती मोजक्याच जणींना उपयोगी पडते.

काढलेल्या मांसाचे वजन तिथेच केले जाते आणि ते पॅथॉलॉजिस्टकडे तपासायला जाते. क्वचित त्यात आधी न कळलेला कर्करोग सापडतो, म्हणून हा अहवाल मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. टाके घालण्याआधी टेबलाची पाठ उंचावून रुग्णाला बसते करतात आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात का ते पाहतात. तंतोतंत सारख्या त्या होत नाहीत, निसर्गतःही नसतात.

बहुतेकजणी त्याच दिवशी किंवा एका रात्रीनंतर घरी जातात. दुखते, पण अपेक्षेपेक्षा कमी. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी बहुधा भागते. जाणवतो तो ताण, जळजळ आणि सूज. कुणाकुणाला साचणारे रक्त व पाणी बाहेर काढायला एक-दोन दिवस नळ्या ठेवतात, आता अनेक सर्जन त्या ठेवत नाहीत. एक आश्चर्य मात्र पुष्कळ बायका सांगतात: छाती दुखत असते, पण खांद्यांवरचा भार पहिल्याच दिवशी उतरलेला जाणवतो.

पहिल्यांदा आरशात पाहिल्यावर धक्का बसू शकतो. स्तन सुजलेले, चौकोनी, फार वर ओढलेले, काळेनिळे दिसतात. हे अंतिम रूप नव्हे. पुढच्या काही आठवड्यांत ते खाली बसतात, सूज उतरायला तीन ते सहा महिने लागतात. आधार देणारी ब्रा चार ते सहा आठवडे रात्रंदिवस घालायची असते आणि झोपायचे ते पाठीवर, उशांचा आधार घेऊन. पुढून उघडणारे गाऊन आणि पुढे हूक असलेले ब्लाउज आधीच काढून ठेवावेत.

आता घरच्यांसाठी दोन शब्द, कारण माझ्या मते या शस्त्रक्रियेचा अर्धा निकाल घरात लागतो. टेबलावर बसून करायचे काम एक-दोन आठवड्यांनी सुरू करता येते, म्हणून ‘आता बरी झाली’ असा समज होतो. पण चार ते सहा आठवडे जड काही उचलायचे नाही आणि हात खांद्याच्या वर ताणायचे नाहीत. म्हणजे पाण्याची कळशी नाही, भरलेला कुकर नाही, गॅसचा सिलिंडर नाही, फडताळावरचा पिठाचा डबा नाही, दोरीवर कपडे वाळत घालणे नाही आणि रडणाऱ्या लेकराला कडेवर घेणे नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर स्कूटर नाही, गर्दीची लोकल नाही. ही कामे कोण करणार हे तारीख ठरण्याआधी ठरले पाहिजे. बाईने आवंढा गिळून दहाव्या दिवशी पोळ्या लाटायला उभे राहायचे, अशी घराची तयारी असेल तर तारीख पुढे ढकलावी. चालणे मात्र पहिल्या दिवसापासून हवे, त्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, उभा आणि आडवा व्रण जिथे मिळतात त्या टोकाशी जखम थोडी उघडू शकते. ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार. भयानक दिसते, पण बहुतेक वेळा नुसत्या ड्रेसिंगने भरते. याच काळात स्तनाग्रात विजेचा झटका बसल्यासारख्या कळा येऊ शकतात, खाज सुटते. नसा जाग्या होत असल्याची ती खूण असते. काहींना संवेदना महिन्यांनी परतते, काहींना थोडी उणीव कायम राहते, एखादीला उलट वाढलेली जाणवते. खऱ्या धोक्याच्या खुणा वेगळ्या आहेत. पहिल्या एक-दोन दिवसांत एकच स्तन अचानक फुगून दगडासारखा कडक झाला तर आत रक्त साठले असण्याची शक्यता असते. स्तनाग्र काळेनिळे पडू लागले, ताप आणि लाली वाढली, पू आला, पोटरी सुजली किंवा दम लागला, तर रात्र असली तरी सर्जनला फोन करायचा, सकाळची वाट पाहायची नाही.

व्रण पहिले तीन महिने जास्त लाल किंवा तपकिरी दिसतात आणि नेमके तेव्हाच मन खचते. ते फिके व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉन जेल किंवा पट्टीचा उपयोग होतो. व्रण फुगू लागला तर त्यात इंजेक्शन देता येते, पण त्यासाठी वेळेत दाखवावे लागते.

मुलीच्या आईचा पहिला प्रश्न असतो, पुढे बाळाला पाजता येईल का. याचे बरेचसे उत्तर स्तनाग्रामागचा ग्रंथींचा खांब राखला की नाही यावर आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. हा खांब पूर्ण राखलेल्या पद्धतींत स्तनपान जमण्याचे मध्यक प्रमाण १०० टक्के, अंशतः राखलेल्यांत ७५ टक्के आणि अजिबात न राखलेल्यांत केवळ ४ टक्के होते. जमणे म्हणजे प्रत्येकीला भरपूर दूध येणे नव्हे, काहींना वरचे दूध जोडीला द्यावे लागते. तरीही ज्या मुलीला मूल हवे आहे तिने ‘ग्रंथी राखणारी पद्धत करा’ असे सर्जनला स्पष्ट सांगावे, इतके हे आकडे बोलके आहेत.

विम्याचे घोडे बहुतेकदा ‘सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया’ या शब्दांवर अडते. भारतीय विमा नियामकाच्या प्रमाणित अटींत सौंदर्य व प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे. पण आरोग्याचा थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी ती वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केले, तर अपवादाची वाट त्याच कलमात आहे. कंपनी ती सहज उघडत नाही. म्हणून हाडांच्या आणि त्वचेच्या डॉक्टरांचे जुने कागद, फिजिओथेरपीच्या नोंदी, पुरळाचे आणि खांद्यावरच्या खळग्यांचे फोटो जपून ठेवावेत आणि शस्त्रक्रियेआधीच लेखी मंजुरी मागावी. अमेरिकी विमा कंपन्या प्रत्येक बाजूने किती ग्रॅम काढणार यावर अडून बसतात. त्यासाठी शरीराच्या आकारमानाशी ग्रॅम जोडणारा एक तक्ता पॉल श्नुर यांनी १९९१ मध्ये तयार केला. तिथे राहणाऱ्या मराठी बायकांना तो भेटतोच.

एकदा कमी झालेले स्तन पुन्हा अजिबात वाढत नाहीत असे नाही. गरोदरपण, वाढलेले वजन, पाळी जाण्याचा काळ यांत आकार बदलतो. तपासण्याही चुकवायच्या नाहीत. चाळिशी ओलांडलेल्यांनी साधारण वर्षभरात नवी मॅमोग्राफी करून ठेवावी, म्हणजे पुढच्या तुलनेला ती उपयोगी पडते. सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करणाऱ्याला ही शस्त्रक्रिया झाल्याचे दरवेळी सांगावे, कारण आतले व्रण आणि मेलेल्या चरबीच्या गुठळ्या फिल्मवर संशयास्पद दिसू शकतात. अशी कडक गाठ हाताला लागली तर ती चरबीचीच असेल असे धरून चालू नये. ती दाखवावी, आणि डॉक्टरांनी सुचवले तर सुईने तपासून घ्यावी.